बाय, मी डावीकडे बसले होते

परवा तुमचं तेरावं झालं. पंगतीत तिघी-चौघी मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, जावेनं जावेचं एवढं केलेलं आपल्या वैशाखरे गावात कुणी बघितलं नव्हतं. भरवलं, अंग पुसलं, हगणं-मुतणं काढलं, कधी तोंड वाकडं केलं नाही. मी पत्रावळी उचलत होते. मला तिथून निघून जावंसं वाटलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मान देतायत त घे गो, फुकट जातोय." पण कसा घेऊ? जिचं केलं तिला, करणारी मी आहे हे ठाऊकच नव्हतं. ते सांगायची वेळ आली तेव्हा मी गप्प बसले.

आता सांगते. तुम्ही ऐकणार नाही हे मला कळतं, एवढी मी खुळी नाही. पण हे तीन महिने तुमच्याशी बोलायची इतकी सवय लागली आहे, की अंगणवाडीतून घरी आले की पाय आपोआप मधल्या घराकडे वळतात. खाट काढून टाकली आहे. तरी वळतात.

नव्वद साली मी या घरात आले तेव्हा मोठे दीर जाऊन दोन वर्षं झाली होती. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. गावाला वाटत होतं तुम्ही माहेरी डोळखांबला निघून जाल. तुम्ही गेला नाहीत, सासूबाईंच्या मागं घराची चूल हातात घेतलीत. मी सापगावची, शहापूरचा बाजार अगदी जवळ, दहावी नापास, मनगटाला घड्याळ. तुम्ही माझ्याकडे पायापासून वर बघितलंत आणि म्हणालात, "आली सापगावची शेठानी. घड्याळ चिखलात चालतं का गो?" मला इतका राग आला होता. भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या पहिल्या दिवशी माझ्या कमरेचे टाके ढिले झाले तेव्हा तुम्ही स्वतःची ओळ लावून माझी अर्धी ओळ लावलीत, आणि कुणाला कळू दिलं नाहीत.

शेवळांची भाजी आठवते? मी म्हटलं, मी करते. शेवळांत काकडाची आंबट फळं घालून खाज मारायची असते हे आमच्या आईनं मला शिकवलं होतं, आणि नेमकं तेच मी विसरले. पहिल्याच घासाला घरभर खोकणं सुरू झालं. ह्यांनी तांब्यावर तांब्या पाणी प्यायलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "माजाच हात चुकला. काकडं राहिली." मग मागच्या दारी मला गाठून विचारलंत, "गळा खाजतोय ना? खाजू दे. आता जल्मात विसरनार नायस." नाही विसरले.

आशा झाली, मग धाकटी रेखा झाली. दोघींना तुम्ही पायांवर घेऊन न्हाऊ घातलंत. त्या तुमच्याकडे राहिल्या म्हणून मी दहावीला पुन्हा बसले, पास झाले, अंगणवाडीत लागले. हे मी लोकांना सांगायची, तुम्हाला कधी सांगितलं नाही. आणि मग ज्याबद्दल तुमचे पाय धरायला हवे होते त्याचाच मला जाच व्हायला लागला. पोरी शाळेतून आल्या की दप्तर माझ्या अंगावर आणि स्वतः तुमच्या चुलीपाशी. रेखाला ताप आला तेव्हा मी तिला घ्यायला गेले, तर ती तुमच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "मोठी आई पायजे." माझ्याच घरात मला पाहुणी झाल्यासारखं वाटलं. खरं कारण हे होतं. तुम्हाला मात्र सांगितलं की अंगणवाडीची वेळ जुळत नाही, मला माझी चूल वेगळी हवी.

तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "मंग मी एकटीसाठी काय चूल पेटवू?"

आणि मी बोलले, "तुमच्या एका पोटाला असं किती लागतं?"

एवढंच. मोठ्यानं नाही, भांडून नाही. तुम्ही सुपातला खडा बाजूला काढलात आणि पुढं निवडत राहिलात. दिवाळी झाल्यावर तुम्ही एक टोप, एक तवा घेतलात, मागच्या पडवीत तीन दगड मांडलेत. आपला अबोला सुरू झाला. पोरी पडवीकडे गेल्या की मी हाक मारून परत बोलवायची. एकदा दोघी घास घेऊन उभ्या होत्या आणि मी त्यांना तशाच ओढून आणल्या. तुम्ही बघत होतात.

वेगळी चूल पेटून अकरा दिवस झाले होते. सकाळची वेळ, खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. तुमच्या डाव्या हातातून पेंढी निसटली. तुम्ही एकाच हातानं दुसरी उचललीत, झोडायला गेलात, ती वाकडीच पडली. मी बघितलं आणि मनात म्हटलं, बघा, माझ्यावरचा राग भातावर काढतायत. मग तुमच्या तोंडाची डावी बाजू उतरली. "काय नाय, काय नाय," म्हणत तुम्ही खळ्यात बसलात त्या उठला नाहीत.

"वारं गेलं अंगावरनं," शेजारची म्हातारी म्हणाली, आणि सगळ्यांनी मान डोलावली. वारं गेलेल्या माणसाला परत वाऱ्यात न्यायचं नाही. उघड्या जीपमधून मुरबाडला तर मुळीच नाही. तुम्हाला गोधडीत गुंडाळलं, खिडकीला पोतं लावलं, लसणीचं तेल गरम करून चोळलं. पलीकडच्या पाड्यातून पाल्याचं औषध देणारा माणूस आला, तो दुपारी आला. अंगणवाडीताई म्हणून गावात मी शहाणी. गरोदर बायांना गोळ्या घेतल्या का म्हणून दहादा विचारणारी. तुम्हाला रक्तदाबाच्या गोळ्या दिलेल्या होत्या, आणि डोकं दुखेल त्या दिवशीच तुम्ही गोळी खायच्या हे मला ठाऊक होतं. "दुकत नाय त औषध कशाला?" असं तुम्ही म्हणायच्या आणि मी हसायची. त्या दिवशी तेल मीच चोळत होते. जीप दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली.

मुरबाडहून पुढं कल्याणला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. मेंदूच्या उजव्या बाजूला काळा डाग होता. उजव्या बाजूची रक्ताची नळी बंद झाली म्हणून डावं अंग गेलं, ते म्हणाले. मी विचारलं, "कालच आणलं असतं तर?" ते म्हणाले, "आता तो विचार करू नका." डॉक्टर लोक असं का सांगतात? तोच विचार तर माणूस घरी घेऊन जातो.

तुम्हाला परत आणलं तेव्हा खाट मी लावली. कुणी दुसऱ्यानं नाही, मी. खिडकी आणि दार एका अंगाला, म्हणून वारं लागू नये अशी खाट पार समोरच्या भिंतीला चिकटवली. उशाला उगवती पाहिजे, मावळतीला डोकं नको, म्हणून उशी तिकडे. त्यामुळं तुमच्या उजव्या अंगाला भिंत आली, आणि येणारं-जाणारं माणूस, दार, उजेड, सगळं डाव्या अंगाला. मी तुमच्या डाव्या हाताशी पाट टाकून बसायची.

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

पहिल्या दिवशी वाटलं, थकल्या असतील. मग आठवडा गेला. मी हाक मारायची, "बाय." तुम्ही "काय?" म्हणायच्या, पण भिंतीला. पाणी हवं का विचारलं तर "दे," तेही भिंतीला. आवाजही तुमचा राहिला नव्हता, सपाट झाला होता, त्यात चढ नाही, उतार नाही. मी तोंडाशी पेला नेला की डोळे न वळवता प्यायच्या. बायका बघायला आल्या, त्यांच्याकडेही बघितलं नाहीत, त्या म्हणाल्या माणसाला विटली बिचारी. पण मला कारण माहीत होतं. पोरी खाटेवर चढून पलीकडे भिंतीला टेकून बसायच्या, तेव्हा तुमचा चेहरा उजळायचा. "आशे, वेनी कुनी घातली?" म्हणून विचारायच्या. म्हणजे शुद्ध होती, डोळे होते, माया होती. फक्त मी नको होते.

एकदा तुम्ही आशाला विचारलंत, "तुजी आई नाय आली कंदी?"

आशा म्हणाली, "ही काय, हितंच बसलीय."

"कुटं? नाय आली ती."

मी पाट सोडून मागच्या दारी गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. माझ्या तोंडावर, माझ्या पोरीसमोर. मला वाटलं, बाय, तुम्ही अशा कधीपासून झालात?

असं रोज काहीतरी व्हायचं. तुमचा पडलेला डावा हात मी पोटावर ठेवला तर तुम्ही उजव्या हातानं तो ढकलायच्या. "ह्यो कुनाचा हात टाकलाय माज्यावर?" मी म्हटलं, तुमचाच आहे. "माजा नाय. सुमनचा असंल. तिला नेऊन दे." मी सुमन, मी शेजारीच बसलेली. पुढं उजव्या हातानं जेवू लागलात तर ताटातला अर्धाच भात खायच्या. मधोमध रेघ मारल्यासारखा अर्धा भात तसाच. आणि वर म्हणायच्या, "संपला. एवड्यानं पोट भरतं काय?" पोट हा शब्द तुमच्या तोंडून आला की वाटायचं, माझंच बोलणं मला परत वाढतायत.

शेवटी एका दुपारी मी माफी मागितली. घरात कुणी नव्हतं. तुमच्या डाव्या हाताला हात लावून, जे सांगायचं ते सगळं सांगितलं. की मी तसं बोलायला नको होतं. की पोरी तुमच्याकडे धावायच्या ते मला बघवत नव्हतं, म्हणून चूल मागितली. की घासासकट पोरी ओढून नेल्या त्याचं मला झोपेत दिसतं. तुम्ही ऐकत होतात. भिंतीकडे बघत म्हणालात, "मला काय सांगतीस? जिला बोललीस तिला सांग जा."

मी त्याचा अर्थ एकच घेतला. तुम्हाला माझी माफी नको आहे, आणि ते न्याय्य आहे. तरीही मी मागत राहिले, अंग पुसताना, भरवताना. तुम्ही दर वेळी तेच म्हणायच्या. कधीकधी मला तुमचा राग यायचा, खरं सांगते. एकदा मी ताट आपटलं.

संक्रांत झाल्यावर मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेलं. मी त्यांना जरा फणकाऱ्यानंच सांगितलं, बाकी बऱ्या आहेत, पण माणसाकडे बघत नाहीत, हट्ट धरलाय. त्यांनी एका स्टीलच्या ताटलीत शेंगदाणे पसरले. तुम्हाला म्हणाले, "सगळे उचला बघू." तुम्ही एकेक करून उजवीकडचे उचललेत. डावीकडचे तसेच. "राहिले का काही?" "नाय. संपलं." त्यांनी ताटली गोल फिरवली. तुम्ही म्हणालात, "अगो, हे कुटनं आलं?" आणि परत उजवीकडचेच उचललेत.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ह्या रुसलेल्या नाहीत, बाई. ह्यांना डावीकडे जग आहे हेच कळत नाही. डोळे चांगले आहेत. शेताला पाणी नेणारा पाट बुजला की त्याच्या खालची तेवढीच खाचरं सुकतात, शेजारची हिरवी राहतात, तसं समजा. डावीकडची दखल घेणारा मेंदूचा भाग सुकलाय."

"पण मी बोलते ते ऐकू येतं ना? उत्तर देतात."

"ऐकू येतं. पण आवाज कुणाचा हे ओळखायचं कामही बरंचसं त्याच बाजूला चालतं. कुठून आला हेही त्यांना कळत नसेल. त्यांना वाटतं, समोरून, उजवीकडून कुणीतरी बोलतंय." मग त्यांनी विचारलं, "खाट कशी लावलीय घरात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर दोघांनी मिळून खाट भिंतीपासून वीतभर सरकवली, मग अजून वीतभर. सगळी फिरवायची तर डोकं मावळतीला येत होतं, त्याला शेजारच्या म्हातारीनं हरकत घेतली, आणि मला वाद घालायला जीव नव्हता. भिंत आणि खाट यांच्या फटीत मी अंग चोरून बसले. तुमच्या समोर. हातभर अंतरावर.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वेळ बघत होतात कोण जाणे. मग म्हणालात, "कवा आलीस गो?"

बाय, मी रोज होते तिथं. मी म्हटलं, "आत्ताच."

"लई दिस लावलंस. मी रोज पोरींना इचारायची." तुमच्या त्या सपाट आवाजात राग होता की नव्हता, मला ओळखता आलं नाही. "येक बाई यायची भरवायला. तिचा हात चांगला. पन रडायची लई. कुनाला कायतरी बोललेली ती, त्याची माफी मागायची. रोज. मी म्हनलं, मला काय सांगतीस, जिला बोललीस तिला सांग जा."

मी गोधडी तुमच्या खांद्यापर्यंत ओढली. तुम्ही विचारलंत, "तिनं सांगितलं असंल का गो?"

तेव्हा बोलायला हवं होतं. ती बाई मीच, एवढे तीन शब्द. पण तुम्ही माझ्याकडे बघत होतात, इतक्या दिवसांनी, आणि तुमच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हसत होती. मला भीती वाटली की मी बोलले तर तुम्हाला ते बोलणं आठवेल, आणि हे हसू जाईल. त्या बाईची तुम्हाला माया आली होती आणि माझ्यावर तुम्ही रुसला नव्हतात, दोन्ही एकदम मिळालं होतं मला, ते मोडवेना. मी म्हटलं, "सांगितलं असेल."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "मनात ठेवू नये बाईनं."

पुढचे आठ दिवस मी रोज त्या फटीत बसले. आपण बोललो. तुम्ही डोळखांबचं बोललात, शेवळांच्या भाजीचं बोललात, रेखाला तूप जास्त घाल म्हणालात. मी ताट फिरवून द्यायची आणि तुम्ही सगळा भात खायच्या. रोज म्हणायची, उद्या सांगू. तुमची चूल मी पडवीतून काढून टाकली होती, तेही सांगितलं नाही. आठ दिवस कमी नसतात. मला कुणी अडवलं नव्हतं.

नवव्या सकाळी तुमचं उजवं अंगही गेलं, आणि वाचा गेली. मुरबाडचे डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, आता डावीकडचा मेंदू. भाषा तिथं असते. बोलणं गेलंच, पण आपण बोललेलं कळेल असंही धरू नका. चेहरे कदाचित ओळखतील. कल्याणला न्यायचं तर न्या, पण मी आशा दाखवणार नाही. घशाखाली उतरेल तेवढं चमच्यानं द्या, बसवून, सावकाश.

म्हणजे आधी माझं बोलणं तुमच्यापर्यंत जात होतं आणि मी जात नव्हते. आता मी दिसत होते आणि बोलणं जाणार नव्हतं. याला काय करायचं असतं, हे मला कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नाही.

तरी मी सांगितलं. तुम्ही जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, पोरी शाळेत असताना. तुम्हाला उशांना टेकवून बसवलं होतं. मी फटीत बसले, तुमचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "बाय, ती रडणारी बाई मीच होते. तुमच्या पोटाचं मीच बोलले होते. सांगायला आलेय." तुम्ही माझ्याकडे सरळ बघत होतात. डोळे हलले नाहीत. मी परत सांगितलं, तुमच्याच बोलीत सांगितलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, अंगणवाडीत पोरांना सांगते तसं.

मग तुमचे ओठ हलले आणि तुम्ही तोंड उघडलंत. मी जवळ कान नेला. कितीतरी वेळ तसाच धरला होता. आवाज आला नाही, तोंड मात्र तसंच उघडं, आणि डोळे माझ्या तोंडावरून खाली, मांडीवरच्या वाटीकडे गेले.

तुम्हाला भूक लागली होती. मी पेजेचा चमचा भरला. दोन चमचे गेले, तिसरा ओठावरून खाली आला, तो मी पदरानं पुसला.